बारामती-इंदापूर परिसरातील वास्तुपरंपरा : भूतकाळ, वर्तमान आणि सांस्कृतिक संमिश्रता

गोषवारा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके आज ऊस, साखर, सहकार आणि शिक्षण यांसाठी ओळखले जातात. या ओळखीखाली सुमारे नऊशे वर्षांची वास्तुपरंपरा दडलेली आहे. पळसदेव व लोणी भापकर येथील मंदिरे, इंदापूरची गढी, मोरगावचे मयूरेश्वर मंदिर, बारामतीचा बाबूजी नाईकांचा वाडा, नीरा डावा कालवा आणि वालचंदनगरची वसाहत या वास्तूंच्या आधारे या परिसरातील सांस्कृतिक देवाणघेवाणीचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. एखाद्या वास्तूमधील संमिश्र घटकांचे स्पष्टीकरण केवळ भीती किंवा आक्रमण या कारणांनी करणे अपुरे आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वास्तुकला, संमिश्र संस्कृती, गढी, वाडा, मयूरेश्वर, पळसदेव, नीरा कालवा.

1. प्रस्तावना

इतिहासलेखनात लिखित साधनांना अग्रस्थान दिले जाते व ते योग्यच आहे. तथापि बखरी, सनदा आणि महसुली कागद हे बहुधा सत्ताधाऱ्यांच्या दृष्टीने लिहिलेले असतात. ज्या पाथरवटाने दगड घडविला, ज्या गवंड्याने चुना मळला, ज्या सुताराने खांब कोरला त्यांचे मनोगत या कागदांत क्वचितच सापडते. त्यांचा इतिहास त्यांच्या कामात आहे. या अर्थाने वास्तू हे इतिहासाचे स्वतंत्र साधन ठरते.

महाराष्ट्रातील वास्तू-इतिहासाचा अभ्यास प्रामुख्याने पुणे, सातारा, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशा राजधान्यांभोवती झाला. त्या मानाने तालुक्याची गावे उपेक्षित राहिली. वस्तुतः राजधानीतील वास्तू राजाच्या इच्छेने घडते, तर कसब्यातील वास्तू स्थानिक गरज, उपलब्ध साहित्य, कारागिराची सवय आणि आश्रयदात्याची ऐपत यांच्या मेळातून घडते. म्हणून समाजजीवनातील संमिश्रता पाहावयाची असल्यास कसब्याच्या वास्तू अधिक बोलक्या ठरतात. बारामती व इंदापूर हा परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

2. भूगोल आणि बांधकामाचे साहित्य

हा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कऱ्हा, नीरा आणि भीमा या नद्यांनी तो वेढलेला आहे; कऱ्हा नीरेला आणि नीरा पुढे नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. पाऊस कमी व बेभरवशाचा असल्याने येथील घरबांधणीला विशिष्ट वळण लागले. कोकणातील उतरत्या छपराऐवजी येथे मातीचे सपाट धाबे आले. जाड भिंती, लहान खिडक्या आणि मधला उघडा चौक ही उन्हाळ्यावरील उपाययोजना होती. धान्य साठविण्यासाठी पेव आणि बळद ही दुष्काळाची आठवण ठेवणारी व्यवस्था होती.

साहित्य तीन प्रकारचे होते. काळा पाषाण मंदिरे, घाट व पाया यांसाठी वापरला जाई. पांढरीची चिकण माती गढी व घरांच्या भिंतींसाठी. आणि वीट व चुना शिखरे, घुमट व वरच्या मजल्यांसाठी. राजवटी बदलल्या तरी हे साहित्य आणि ते हाताळणारे कारागीर मोठ्या प्रमाणावर तेच राहिले. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

3. प्राचीन मंदिरे : पळसदेव आणि लोणी भापकर

इंदापूर तालुक्यातील भीमाकाठचे पळसदेव हे या परिसरातील प्राचीन वस्तीचे महत्त्वाचे ठिकाण होय. येथील शके 1079 (इ.स. 1157) मधील शिलालेख मराठीच्या प्रारंभीच्या कोरीव लेखांत गणला जातो. म्हणजेच देवगिरीच्या यादवांची सत्ता भरास येण्यापूर्वीच या नदीकाठी मंदिर, दान आणि लेखन यांची परंपरा रुजलेली होती. पळसनाथाच्या मंदिराचा खालचा भाग दगडी असून वरचे शिखर विटांचे आहे. या ठिकाणी दगडी बांधकाम आणि वीटकाम या दोन भिन्न कौशल्यांचा संयोग पाहावयास मिळतो.

बारामती तालुक्यातील लोणी भापकर येथील मल्लिकार्जुन मंदिर, त्यासमोरील पायऱ्यांची पुष्करणी, तिच्या भिंतींतील देवकोष्ठे आणि तेथील यज्ञवराहाची मूर्ती हा समूह शिल्पदृष्ट्या उल्लेखनीय आहे. आज मल्लिकार्जुन या शिवनामाने ओळखल्या जाणाऱ्या या स्थानी वराह व कृष्णकथा यांसारखे वैष्णव विषय कोरलेले आढळतात. शैव आणि वैष्णव परंपरा एकाच स्थानी कालक्रमाने एकमेकींत मिसळल्याचे हे चिन्ह आहे. संमिश्रता ही केवळ हिंदू-मुस्लिम संपर्कातून सुरू झाली असा जो सर्वसाधारण समज आहे, त्याला अशी मंदिरे छेद देतात.

या मंदिरांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. यादवांचा करणाधिप हेमाद्री हा तेराव्या शतकातील होय. चुन्याविना दगड सांधण्याची पद्धती त्याच्यापूर्वीही प्रचलित होती, हे पळसदेवसारख्या स्थळांच्या काळावरून स्पष्ट होते. अनेक अनाम कारागिरांची परंपरा एका मंत्र्याच्या नावावर जमा होणे, हीदेखील इतिहासलेखनाची एक सवयच म्हणावी लागेल.

4. गढी आणि दर्गा : इंदापूर व सुपे

निजामशाहीच्या काळात इंदापूर हे सीमेवरील लष्करी महत्त्वाचे ठाणे होते. छत्रपती शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीच्या सेवेत असताना सतराव्या शतकाच्या आरंभी इंदापूरच्या लढाईत कामी आले. इंदापूरची गढी त्यांच्या नावाने ओळखली जाते. गढी हा वास्तुप्रकार किल्ला आणि घर यांच्या मधला आहे. पांढऱ्या मातीचा उंचवटा, रुंद तट, बुरूज आणि आत राहण्याची व कारभाराची जागा असे तिचे स्वरूप असते. शत्रूच्या मोठ्या सैन्यापुढे ती फार काळ टिकाव धरू शकत नसे. परंतु महसूल गोळा करणारा अधिकारी आणि त्याचे दप्तर यांना ती पुरेसे संरक्षण देई.

इंदापुरात ही गढी, चांदशावली बाबांचा दर्गा आणि इंद्रेश्वराचे मंदिर ही तिन्ही स्थाने एकाच गावाच्या स्मरणात आहेत. या सहअस्तित्वाचे मूळ मालोजीराजांच्या पिढीतच शोधता येते. अहमदनगरच्या शाहशरीफ पिराच्या कृपेने पुत्रप्राप्ती झाली या श्रद्धेने त्यांनी आपल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही हकिकत सर्वश्रुत आहे. वेरूळच्या घृष्णेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार आणि शिखर शिंगणापूर येथील तलावाचे बांधकाम ही कामेही मालोजीराजांच्याच नावावर आहेत. पिराविषयीची श्रद्धा आणि शिवभक्ती यांत त्या काळच्या सरदाराला विसंगती वाटत नव्हती. आज या स्थानांकडे पाहताना ‘मंदिर की दर्गा’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा सतराव्या शतकातील मनावर विसाव्या-एकविसाव्या शतकातील चौकट लादली जाण्याचा धोका असतो.

शहाजीराजांच्या जहागिरीतील सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. येथील शाहमन्सूर दर्गाही याच परंपरेतील आहे. पुणे व सुपे या परगण्यांतच स्वराज्याच्या प्रारंभीच्या हालचाली झाल्या. ही भूमी अनेक श्रद्धास्थानांची होती हे तिच्या वास्तूंवरून दिसते.

5. मोरगावचे मनोरे : एका स्पष्टीकरणाची चिकित्सा

बारामती तालुक्यातील कऱ्हाकाठचे मोरगाव हे अष्टविनायकांतील आद्य स्थान मानले जाते. गाणपत्य संप्रदायाचे हे मुख्य पीठ असून मोरया गोसावी यांच्या परंपरेमुळे चिंचवडशी त्याचा निकटचा संबंध आहे. येथील मयूरेश्वर मंदिराला उंच दगडी तटबंदी असून चार कोपऱ्यांवर मिनारासारखे मनोरे आहेत. दुरून पाहणाऱ्यास ही वास्तू मशिदीसारखी भासते. मंदिराचे रक्षण व्हावे म्हणून मुद्दाम त्यास मशिदीचे रूप देण्यात आले, असे स्पष्टीकरण परंपरेने दिले जाते. बादशाही सेवेतील गोळे नावाच्या अधिकाऱ्याने ते बांधविले, असेही परंपरा सांगते.

या स्पष्टीकरणाचा आदर राखूनही त्याची चिकित्सा करणे आवश्यक आहे. पहिली बाब अशी की, हे सोंग दरवाजापर्यंतही टिकणारे नाही. प्रवेशद्वाराशी येताच नगारखाना, उंदीर आणि नंदी यांच्या दर्शनाने वास्तूचे स्वरूप स्पष्ट होते. यात्रा भरणारे, चौघडा वाजणारे देवस्थान केवळ चार मनोऱ्यांच्या आधारे लपून राहील हे संभवनीय वाटत नाही. दुसरी बाब म्हणजे घुमट, मनोरे आणि महिरपी कमानी हे घटक पेशवेकाळातील मंदिरे, छत्र्या आणि वाडे यांतही आढळतात. त्या वेळी सत्ता मराठ्यांचीच होती. लपविण्याचे कारण उरलेले नव्हते. तरीही कारागिरांनी व आश्रयदात्यांनी ही घडण सोडली नाही.

तिसरी बाब परंपरेतच दडलेली आहे. मंदिर बांधविणारा बादशाही अधिकारी होता असे मानले, तर तो त्याच दरबारच्या वास्तुभाषेत वाढलेला होता हेही मान्य करावे लागते. बहमनी, निजामशाही व आदिलशाही काळात घुमट आणि मनोरा ही दख्खनमधील प्रतिष्ठेची चिन्हे बनली होती. विजापूर-अहमदनगरकडे काम केलेला गवंडी मोरगावात आला, तर तो आपले हात बदलून येत नाही. आपल्या दैवताचे मंदिर त्या काळच्या सर्वांत प्रतिष्ठित शैलीत उभे राहावे, ही इच्छा भक्तीचाच भाग होती. भीती हे एक कारण असू शकते. पण तेवढेच कारण मानल्यास त्या कारागिराचे कौशल्य आणि त्या आश्रयदात्याची अभिरुची दोन्ही इतिहासातून पुसली जातात.

6. वाडा आणि घाट : बारामती व नीरा नरसिंहपूर

अठराव्या शतकात बारामतीला महत्त्व आले ते नाईक-जोशी घराण्यामुळे. हे सावकारी घराणे पेशव्यांशी नातेसंबंधाने जोडलेले होते. बाळाजी विश्वनाथ यांची कन्या भिऊबाई ही बाबूजी नाईकांचे बंधू आबाजी नाईक यांना दिलेली होती. 1740 मध्ये थोरल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर बाबूजी नाईकांनी पेशवेपदासाठी प्रयत्न केला व त्यांना नागपूरकर रघूजी भोसल्यांचा पाठिंबा होता. कऱ्हेच्या काठी बुरूज व तट असलेला त्यांचा वाडा हा सावकारी, सरदारी आणि विद्याश्रय या तिन्हींचे प्रतीक आहे.

याच घराण्याच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत (1729-1794) बारामतीत राहिले. पन्हाळ्यास जन्मलेल्या या कवीची बहुतांश काव्यरचना बारामतीत झाली व तेथेच त्यांचे निधन झाले. संस्कृतप्रचुर आर्या रचणारा कवी ज्या काळात वावरला, त्या काळच्या वाड्यांतील सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी कमानी या मोगल-दख्खनी परंपरेतून आलेल्या होत्या. ओसरी, सोपा, माजघर, देवघर ही रचना मराठी कुटुंबव्यवस्थेची. खांब व कमानी दरबारी वळणाच्या. दिवाणखाना हा शब्दच फारसी. पेशवाई वाडा ही अशी संमिश्र निर्मिती होती आणि तिच्यात राहणाऱ्यांना ती पूर्णतः स्वतःची वाटत होती.

इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकास नीरा-भीमा संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. तेथील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर पेशवेकाळात विंचूरकर सरदार घराण्याच्या आश्रयाने भरभराटीस आले. नदीकडे उतरणारा दगडी घाट, तट आणि मंदिर यांचा एकत्रित विचार येथे केलेला दिसतो. नदी ही वास्तूचाच एक भाग मानण्याची ही दृष्टी पुढील काळात लुप्त झाली, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

7. ब्रिटिश काळ : मोजणीचा दगड, कालवा आणि रेल्वे

1818 नंतर या परिसराची पुनर्रचना झाली ती मोजणीमुळे. प्रिंगलची 1830 मधील आकारणी इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. ती चुकीची व जाचक ठरल्याने अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर 1835-36 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी येथेच नवी मोजणी करून तीस वर्षांची आकारणी ठरविली. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीचा पाया अशा रीतीने इंदापुरात घातला गेला. शेताच्या बांधावरचा हद्दीचा दगड ही या काळाची सर्वांत लहान, परंतु सर्वांत परिणामकारक रचना म्हणता येईल.

रोख महसुलामुळे सावकारी वाढली व त्याची परिणती 12 मे 1875 रोजी सुपे येथील बाजारच्या दिवशी झालेल्या उठावात झाली. तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील या गावापासून दख्खनचे दंगे पसरले. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकारांच्या घरांतील कर्जरोख्यांवर होता. अठराव्या शतकात सावकाराचा वाडा हा विद्येचा आश्रय होता. शंभर वर्षांनी सावकाराचे घर रयतेच्या रोषाचे लक्ष्य झाले. वास्तूचा सामाजिक अर्थ स्थिर नसतो, याचे हे ठळक उदाहरण होय. 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा या उठावाचाच परिणाम होता.

1876-77 च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आणि भाटघर धरण यांनी या प्रदेशाचे रूप पालटले. वीर येथून निघणारा हा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांतून जातो. मोऱ्या, जलसेतू, पूल आणि पाटबंधारे खात्याचे बंगले ही नवी उपयुक्ततावादी वास्तुकला त्याच्याबरोबर आली. 1914 मध्ये दौंड-बारामती हा अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला. कालांतराने तो रुंद करण्यात आला. 1928 मध्ये भाटघर येथे लॉईड धरण पूर्ण झाल्यावर कालव्याचे पाणी अधिक निश्चित झाले. पाणी आणि रेल्वे यांमुळे गूळ, कापूस व धान्याची पेठ वाढली, गुजराती-मारवाडी व जैन व्यापारी कुटुंबांची वस्ती स्थिरावली आणि खाली दुकान व वर घर अशी पेठेची घरे उभी राहिली. दुसरीकडे सरकारी कचेऱ्यांनी जुन्या गढ्या व वाड्यांतच बस्तान बसविले. कचेरीच्या वापरामुळे या वास्तूंची मोडतोड झाली खरी, पण त्या वापरात राहिल्यामुळे काही अंशी टिकूनही राहिल्या.

8. साखर, सहकार आणि धरण

1930 च्या दशकात उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब येथे साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर आकारास आले. कारखाना, कामगारांच्या चाळी, अधिकाऱ्यांचे बंगले, शाळा, दवाखाना व बाजार यांची आखीव वसाहत ग्रामीण महाराष्ट्रात नवी होती. गावगाड्यात जातीनुसार आळी ठरत असे. येथे हुद्द्यानुसार घर ठरू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वर येथील सहकारी साखर कारखान्यांनी हाच नमुना सहकाराच्या तत्त्वावर विस्तारला. धुराडे हे या परिसराचे नवे शिखर बनले.

या समृद्धीची दुसरी बाजू भीमेकाठी दिसते. 1969 मध्ये सुरू झालेले उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यात इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे विस्थापित झाली. जुने पळसदेवही त्यांत होते. गाव नव्या जागी वसले, देवाची स्थापनाही तेथे झाली. मूळ मंदिर मात्र पाण्यात राहिले. पाणी ओसरले की ते उघडे पडते, लोक होडीने किंवा पायी जाऊन दर्शन घेतात आणि पावसाळ्यानंतर ते पुन्हा बुडते. ज्या मंदिराने अनेक राजवटी पाहिल्या, त्याला सर्वांत मोठा धोका परधर्मीय सत्तेकडून नव्हे, तर लोककल्याणकारी विकास प्रकल्पातून निर्माण झाला. दरवर्षीचे भिजणे आणि वाळणे हे वीट-चुन्याच्या शिखरास घातक आहे. धरणामुळे सोलापूर जिल्ह्यासह मोठ्या प्रदेशाची तहान भागली हे मान्य करूनच या हानीची नोंद घेतली पाहिजे.

9. वर्तमान स्थिती

गेल्या पन्नास वर्षांत बारामतीचे रूपांतर शैक्षणिक व औद्योगिक नगरात झाले. तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (1962), विद्या प्रतिष्ठान (1972) यांसारख्या संस्था, औद्योगिक वसाहत आणि 2019 मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी नव्या वास्तूंची भर घातली. सिमेंट काँक्रीट, काच व पत्रा यांच्या या इमारती कार्यक्षम आहेत. परंतु त्या बारामतीच्या आहेत हे त्यांच्याकडे पाहून ओळखता येत नाही. उष्ण हवामानात चौक आणि जाड भिंत यांनी जे साधले जाई, ते आता विजेच्या यंत्रांनी साधावे लागते. बाबूजी नाईकांच्या वाड्याची डागडुजी व कऱ्हाकाठचे सुशोभीकरण हे स्वागतार्ह प्रयत्न आहेत. मात्र दुरुस्ती करताना चुन्याऐवजी सिमेंट वापरणे, जुना दगड रंगविणे किंवा ‘मूळ’ रूपाच्या शोधात नंतरचे थर काढून टाकणे या प्रवृत्ती सर्वत्रच टाळावयास हव्यात.

या परिसरात एक अस्थायी वास्तूही दरवर्षी उभी राहते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने पंढरीस जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस अश्वांचे रिंगण होते. बारामतीचे शारदा प्रांगण एका रात्रीसाठी तंबूंचे नगर बनते. शाळा, मंदिरे, वाडे, मंगल कार्यालये यांच्या ओसऱ्या वारकऱ्यांसाठी खुल्या होतात. ओसरी ही केवळ घराची पुढची बाजू नसून परक्याला दिलेली जागा आहे, हे या प्रसंगी स्पष्ट होते. ज्या नव्या घरांना ओसरीच नाही, तेथे ही देवाणघेवाण कशी टिकणार, हा वास्तुरचनेइतकाच संस्कृतीचाही प्रश्न आहे. 2021 मध्ये पायाभरणी झालेल्या पालखी महामार्गामुळे प्रवास सुकर होत असला, तरी रस्त्याकडेची जुनी झाडे, पार व विसाव्याची ठिकाणे यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.

10. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1) बारामती-इंदापूर परिसरातील वास्तुपरंपरा किमान बाराव्या शतकापासून सलग दाखविता येते. तिच्यातील संमिश्रता शैव-वैष्णव, दख्खनी-मराठी, मराठी-ब्रिटिश आणि ग्रामीण-औद्योगिक अशा अनेक पातळ्यांवर घडली आहे.

2) या संमिश्रतेचा मुख्य वाहक कारागीर होता. राजवट बदलली तरी त्याचे हात, हत्यारे व साहित्य टिकून राहिले; त्यामुळे शैलींची सरमिसळ स्वाभाविकपणे झाली.

3) मोरगावचे मनोरे किंवा इंदापूरच्या गढीच्या परिसरातील दर्गा यांचे स्पष्टीकरण केवळ भीती वा संघर्ष यांच्या आधारे करणे अपुरे आहे. प्रतिष्ठा, श्रद्धा आणि अभिरुची यांचाही विचार झाला पाहिजे.

4) वारशाची अलीकडील हानी प्रामुख्याने जलाशय, पुनर्बांधणी आणि अनास्था यांतून झाली आहे. तिच्यावर उपाय करणे वर्तमान पिढीच्या हाती आहे.

5) सर्व वास्तू शासनाच्या संरक्षित यादीत येणे शक्य नाही. अशा स्थितीत स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने गावोगावच्या गढ्या, वाडे, वीरगळ, बारव व पार यांची मापे, छायाचित्रे आणि मौखिक माहिती नोंदविणे हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरते त्या दिवसांत पळसदेवपासून या कामास आरंभ करता येईल.